आधी फोन हिसकावू नका

दहावीच्या वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप घ्या. सरांनी काढलेला नव्हे, पोरांनी आपला आपण काढलेला. रात्री साडेदहाला त्यात एक स्टिकर येऊन पडतो. गॅदरिंगच्या फोटोतून एका मुलीचा चेहरा कापून घेतलाय. बोलता बोलता टिपल्यामुळे तोंड वाकडं आलंय, डोळे अर्धे मिटलेत, आणि खाली रोमन अक्षरांत तिच्या दातांवरून एक शब्द. मिनिटभरात सात-आठ हसरे चेहरे येतात. त्यात एक तिच्याच बाकावरच्या मैत्रिणीचा. ज्याला स्टिकर आवडला तो त्याला 'फेव्हरिट'मध्ये ठेवतो. मग टाकणाऱ्यानं घाबरून 'डिलीट फॉर एव्हरीवन' केलं तरी मेसेज तेवढा जातो, स्टिकर त्या फोनांत राहतो. उद्या तो ट्युशनच्या ग्रुपमध्ये निघतो, परवा गल्लीतल्या मंडळाच्या ग्रुपमध्ये.

मुलगी पांघरुणात आहे, स्क्रीनचा उजेड कमी करून. आई शेजारच्या खोलीत जागीच आहे. तरी ती हाक मारत नाही, कारण आई काय म्हणणार ते तिला पाठ आहे: "तरी सांगत होते. आण तो फोन इकडं."

आईच्या या वाक्यामुळे पोरं गप्प बसतात. फोन जाईल आणि दोष आपल्यावरच येईल, या दोन भीतींपायी महिनोन्‌महिने सोसत राहतात. फोन काढून घेतला की छळ थांबला, असं आपल्याला वाटतं. तिच्या बाजूनं बघा. ग्रुप चालूच आहे, हसणारे हसतायत, फक्त आता काय चाललंय ते तिला दिसत नाही. ज्या एक-दोन मैत्रिणी खासगीत "तू नको मनावर घेऊ गं" म्हणत होत्या त्याही तुटल्या. आणि पुरावा ज्या फोनात होता तो बाबांनी रागाच्या भरात रीसेट मारलेला.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात भाषेचं एक जादा ओझं त्यात येतं. घरात मराठी, शाळेत कन्नड सक्तीचं, ट्युशनला इंग्रजी. एखाद्याचं कन्नड अडखळतं म्हणून इथं चिडवतात. तोच मुलगा अकरावीला कोल्हापूर-गडहिंग्लजला गेला की हॉस्टेलवर त्याच्या बेळगावी बोलण्याची नक्कल करून रील काढतात. १ नोव्हेंबरच्या (कर्नाटक राज्योत्सव, सीमाभागातल्या मराठी माणसांचा काळा दिवस) आसपास, किंवा सीमाप्रश्नावर कुठं काही पेटलं की, पंधरा वर्षांच्या पोरानं टाकलेल्या एका स्टोरीवर अनोळखी मोठी माणसं तुटून पडतात. गावाचं नाव 'बेळगाव' लिहिलं की 'बेळगावी', एवढंही त्यांना पुरतं. घरच्यांना हे सगळं राजकारण वाटतं. "तू कशाला त्यात पडलास?" म्हटलं की त्यांच्यापुरता विषय संपला. पोराला मात्र ती आपल्या नावानिशी, आपल्या आईच्या नावानिशी आलेली शिवी असते.

मनावर नेमकं काय होतं

वर्गात कुणी चिडवलं तर कोण कोण हसलं ते दिसतं. ऑनलाइन ते कळत नाही. स्टिकर किती जणांनी बघितला, पीयूसीच्या (अकरावी-बारावीच्या) दादांनी बघितला का, बसमधली ती मुलं माझ्याकडंच बघून हसली का, याचा हिशेब लागत नाही म्हणून डोकं तो लावतच राहतं. रात्री दोनदा-तीनदा उठून ग्रुप उघडला जातो. झोप तुटते. आठवडाभर झोप तुटली की रडू लवकर येतं, अभ्यास डोक्यात जात नाही, आणि ज्या गोष्टीतून वाट निघू शकते तिच्यातूनही वाट नाहीच असं वाटायला लागतं. हे 'वाट नाहीच' वाटणं फार महत्त्वाचं. दुःखापेक्षा त्याच्याकडं जास्त लक्ष ठेवा.

ब्रिटनमधल्या संशोधकांनी २०१८ मध्ये ३० देशांतल्या दीड लाखांहून जास्त मुला-तरुणांवरचे अभ्यास एकत्र करून पाहिले. ऑनलाइन छळ सोसणाऱ्या २५ वर्षांखालच्या मुलांमध्ये स्वतःला इजा करून घेण्याची आणि आत्महत्येच्या प्रयत्नाची शक्यता इतरांच्या दुपटीहून जास्त दिसली. छळणाऱ्यांमध्येही ती थोडी वाढलेली होती. याचा अर्थ छळ झालेलं प्रत्येक मूल त्या टोकाला जातं असा नाही. बहुतेक जात नाहीत. आत्महत्येमागं एकच एक कारण जवळजवळ कधीच नसतं. आधीचं नैराश्य, घरातली भांडणं, परीक्षेची धास्ती, एकटं पडणं, आणि त्यावर येऊन बसलेला अपमान, असं ते साचत जातं. म्हणूनच मध्ये कुठंही हात घालता येतो.

लक्षणं फोनच्या आसपास आधी दिसतात. मेसेजचा आवाज आला की दचकणं, आपण जवळ गेलो की स्क्रीन पालथा करणं, अचानक अकाउंट बंद करून टाकणं, किंवा उलट सतत तपासत राहणं. मग जेवण कमी होतं, सोमवारी सकाळी पोटात दुखतं, गॅलरीतले स्वतःचे फोटो काढून टाकले जातात. "मी नसते तर बरं झालं असतं", "आता लवकरच सगळं संपेल" असं बोलणं, आवडीच्या वस्तू वाटून टाकणं, निरोप घेतल्यासारखे मेसेज करणं, किंवा खूप दिवस कोमेजलेलं पोर एकाएकी शांत, हलकं दिसणं, यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी बोला. परीक्षा होऊ दे, असं म्हणून पुढं ढकलू नका.

पहिला तास

पोरानं तोंड उघडलं की पहिल्या पाच मिनिटांत तुम्ही काय म्हणता यावर ते दुसऱ्यांदा उघडेल की नाही हे ठरतं. चार वाक्यं पुरतात. "बरं झालं सांगितलंस." "यात तुझी चूक नाही." "फोन तुझ्याकडंच राहील." "पुढं काय करायचं ते आपण दोघं मिळून ठरवू." तिसरं वाक्य मुद्दाम उच्चारा, मनात ठेवून उपयोग नाही. मुलीनं स्वतःच कुणाला फोटो पाठवलेला असेल, तरी "का पाठवलास?" हा प्रश्न आज विचारू नका. त्याचं उत्तर तिला रोज रात्री स्वतःला द्यावं लागतंय.

छळणाऱ्याच्या घरी लगेच फोन लावू नका. रागाने फोन गेला की समोरचा बाप पोराला दोन थपडा मारतो, पोरगं सगळं डिलीट करतं, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात 'चुगलखोर' म्हणून नवा छळ सुरू होतो.

मग थेट विचारा. आत्महत्येचं नाव काढलं तर डोक्यात भरेल, ही भीती खरी नाही. हे अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसलंय. विचारल्यानं पोराला हलकं वाटतं, कारण जे बोलायची सोय नव्हती ते कुणीतरी स्वतःहून बोललं. आडून विचारू नका. "तसलं काही डोक्यात आणत नाहीस ना?" या प्रश्नाला 'नाही' हेच उत्तर मिळतं, कारण प्रश्नानंच ते मागितलेलं असतं. असं विचारा: "एवढं सगळं सोसताना जगणं नको वाटतं का कधी?" हो आलं तर, "स्वतःचा जीव घ्यायचा विचार येतो का?" पुन्हा हो आलं तर, "कसं, कधी, असं काही ठरवलंयस का? यापूर्वी कधी प्रयत्न केलायस का?" आवाज चढवू नका, रडून पोरालाच तुमचं सांत्वन करायला लावू नका, आणि 'कुणाला सांगणार नाही' अशी शपथ घेऊ नका. "तुझ्या जिवापेक्षा मोठं गुपित नाही. जेवढ्यांना सांगायलाच हवं तेवढ्यांनाच सांगू," असं म्हणता येतं.

ठरवलेलं काही आहे, किंवा आधी प्रयत्न झालाय, असं कळलं तर त्या क्षणापासून पोराला एकटं ठेवू नका, झोपतानासुद्धा. घरातली औषधं आणि शेतीची रसायनं त्याच दिवशी कुलपात जायला हवीत, किल्ली एकाच मोठ्या माणसाच्या खिशात. रसायनं घराबाहेर, दुसरीकडं हलवता आली तर आणखी चांगलं. आपल्याकडं ऊस-तंबाखूच्या घरांत ती गोठ्याच्या फळीवर उघडीच असतात, म्हणून मुद्दाम सांगतो. मरणाची तीव्र इच्छा बहुतेकदा लाटेसारखी येते आणि ओसरते. तेवढ्या वेळात हाताशी काही नसणं यानं जीव वाचतात.

आणि थेट दवाखाना. बेळगावात सिव्हिल हॉस्पिटल, म्हणजे बिम्स, इथं मानसोपचार विभाग आहे. धारवाडला डिमान्स ही मानसिक आजारांसाठीचीच सरकारी संस्था आहे. निपाणीकडच्यांना कोल्हापूरचं सीपीआर हे सरकारी रुग्णालय जवळ पडतं, आणि जीव धोक्यात असताना राज्याची हद्द बघत बसायचं कारण नाही. तातडीला ११२. 'पोलीस केस होईल' म्हणून लोक दवाखाना टाळतात आणि तिथंच घात होतो. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या ११५ व्या कलमानं प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं धरूनच चालायचं आहे, आणि तिला उपचार व आधार देणं हे सरकारचं काम आहे. दवाखान्यात नोंद होते, ती होऊ द्या.

एवढी निकड नसेल तर टेली मानस. नंबर १४४१६, चोवीस तास, फुकट. ही सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली आणि वीस भाषांत चालते, मराठी त्यात आहे. कर्नाटकातून लावल्यावर आधी कन्नड कानावर पडलं तर घाबरून ठेवून देऊ नका, भाषा निवडता येते. पोराला स्वतः बोलायचं नसेल तर पालकानं लावला तरी चालतो.

एक कागद

जगभर मानसोपचारवाले 'सेफ्टी प्लॅन' म्हणून एक साधा कागद वापरतात. स्टॅनली आणि ब्राउन या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी तो सहा पायऱ्यांत बसवला. तो डॉक्टर किंवा समुपदेशकाबरोबर करणं उत्तम, पण रविवारच्या रात्री समुपदेशक मिळत नाही, म्हणून घरीही सुरुवात करता येते. वहीचं एक पान घ्या. अक्षर पोराचं हवं, शब्दही त्याचेच. पान भरल्यावर ते साधारण असं दिसतं:

मला कधी कळतं की वाईट वेळ येतेय: रात्री अकरानंतर ग्रुप बघितला की पोटात गोळा येतो, हात गार पडतात.
मी एकटी काय करू शकते: गार पाण्यानं तोंड धुणं, गच्चीवर चकरा, कानात अभंग किंवा कुठलंही गाणं.
कुठं, कुणाजवळ जाऊन बसलं की डोकं दुसरीकडं जातं: आजीच्या खोलीत, खालच्या घरातल्या काकूंचं बाळ.
कुणाला खरं सांगू शकते: मावशी (नंबर), मराठीच्या बाई (नंबर).
डॉक्टर, हेल्पलाइन: १४४१६, १०९८ (मुलांची हेल्पलाइन), ११२, डॉक्टरांचा नंबर.
घर सुरक्षित करायला काय केलं: औषधांचा डबा कुलपात, किल्ली बाबांकडं, रात्री दहानंतर फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला, सगळ्यांचेच.

शेवटच्या ओळीतलं 'सगळ्यांचेच' महत्त्वाचं. एकट्या तिचाच फोन बाहेर गेला तर ती शिक्षा होते. बाबांचाही गेला तर घराचा नियम होतो. चौथ्या ओळीत आई-बाबांचं नाव आलं नाही तर वाईट वाटून घेऊ नका. मावशीला फोन करून सांगून ठेवा की रात्री दोनला फोन आला तरी उचलायचा. हा कागद मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवावा. कंपासपेटीतही मावतो.

पुरावा: दहा मिनिटांचं काम, पण क्रमानं

ब्लॉक करणं, ग्रुप सोडणं, रिपोर्ट करणं हे सगळं नंतर. आधी पुरावा. उलट क्रमानं केलं की पुढं दाखवायला काही राहत नाही.

व्हॉट्सॲपमध्ये स्क्रीनशॉट घेताना मेसेज, वेळ आणि तारीख एकाच चित्रात यायला हवी. नाव पुरत नाही. नाव तुमच्या फोनात तुम्हीच सेव्ह केलेलं असतं, आणि 'रोहित ट्युशन' हा काही पुरावा नव्हे. त्या नावावर टॅप करून नंबर दिसेल असा वेगळा स्क्रीनशॉट घ्या. ग्रुप इन्फो उघडून ग्रुपचं नाव, ॲडमिन आणि सदस्यांची यादी घ्या. मग 'एक्सपोर्ट चॅट' करून फाइल पालकाच्या ई-मेलवर पाठवा. इन्स्टाग्रामवर यूजरनेम बदलता येतं, म्हणून प्रोफाइलची आणि पोस्टची लिंक कॉपी करून ठेवा. 'अबाउट धिस अकाउंट'मध्ये अकाउंट कधी काढलं ते दिसतं, तेही घ्या. स्नॅपचॅटवर स्क्रीनशॉट घेतला की समोरच्याला कळतं. तिथं दुसऱ्या फोनानं स्क्रीनचा फोटो काढा. मूळ फोन बदलू नका, विकू नका, रीसेट करू नका. कोर्टात इलेक्ट्रॉनिक पुराव्याबरोबर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ६३ व्या कलमाचं प्रमाणपत्र लागतं, तेव्हा ते कुठल्या उपकरणातून आलं हे दाखवावं लागतं.

यात एक मोठा अपवाद आहे. चित्र अठराखालच्या मुलाचं नग्न किंवा लैंगिक असेल, खरं असो की एआयनं बनवलेलं, तर त्याचे स्क्रीनशॉट काढू नका आणि कुणालाही, अगदी मामा वकील असले तरी, 'पुरावा म्हणून' फॉरवर्ड करू नका. असं चित्र जवळ ठेवणं, पाठवणं हाच माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६७ ब कलमाखाली गुन्हा आहे. लिंक, अकाउंट, नंबर, तारीख, वेळ कागदावर लिहा, मेसेज आहे तिथं राहू द्या, आणि फोन पोलिसांना दाखवा. नातेवाइकांच्या ग्रुपवर 'बघा काय केलंय पोरांनी' म्हणून टाकलेलं चित्र त्या मुलीला दुसऱ्यांदा मारतं.

असं चित्र पसरू नये म्हणून 'टेक इट डाउन' ही फुकट सेवा आहे, अमेरिकेतल्या बेपत्ता व शोषित मुलांसाठीच्या राष्ट्रीय केंद्राची, २०२३ पासूनची. अठरा पूर्ण झालेल्यांसाठी 'स्टॉप एनसीआयआय'. दोन्हीत चित्र कुठं अपलोड होत नाही. आपल्याच फोनवर त्याचा एक डिजिटल ठसा तयार होतो आणि तेवढाच इन्स्टाग्राम, फेसबुकसारख्या सहभागी कंपन्यांकडं जातो. मर्यादा एवढीच की व्हॉट्सॲपच्या बंद चॅटमध्ये फिरणारं चित्र यानं अडत नाही.

आता कंपनीकडं तक्रार. इथं आपल्या भागातली पोरं हमखास फसतात. शिवी मराठी, लिपी रोमन, शेपूट कन्नड. यंत्राला त्यात काही गैर दिसत नाही, आणि 'आमच्या नियमांविरुद्ध आढळलं नाही' असं उत्तर येतं. म्हणून नुसतं बटण दाबून थांबू नका. लिहायला जागा असेल तिथं साध्या इंग्रजीत शब्दाचा अर्थ द्या, तो कोणत्या भाषेतला, कुणाला उद्देशून, मूल किती वर्षांचं. 'हॅरॅसमेंट'ऐवजी नेमका रकाना निवडा: खोटं अकाउंट असेल तर तोतयेगिरी, फोटो असेल तर नग्नता. २०२१ च्या आयटी नियमांनी नग्न किंवा फेरफार केलेल्या चित्रांची आणि तोतयेगिरीची तक्रार आल्यावर २४ तासांत हटवण्याचं बंधन कंपन्यांवर घातलं होतं. फेब्रुवारी २०२६ मध्ये ही मुदत दोन तासांवर आणली. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्यानं दाद दिली नाही तर ३० दिवसांत केंद्राच्या तक्रार अपील समितीकडं ऑनलाइन अपील करता येतं. इन्स्टाग्रामच्या 'हिडन वर्ड्स'मध्येही (नको ते शब्द असलेले मेसेज बाजूला काढणारी सोय) आपले शब्द आपणच भरावे लागतात, देवनागरी, कन्नड आणि रोमनमधल्या तीन-चार स्पेलिंगांसकट. कंटाळवाणं काम आहे, पण शिव्या इनबॉक्सपर्यंत येणं बरंच कमी होतं.

पोलीस, आणि कागदाची भाषा

'सायबर छळ' या नावाचं कलम आपल्या कायद्यात नाही. आयटी कायद्याचं ६६ अ होतं, ते सर्वोच्च न्यायालयानं २०१५ मध्ये रद्द केलं. नुसत्या अपमानाची किंवा बदनामीची तक्रार घेऊन गेलात तर ती अदखलपात्र म्हणून परत येण्याची शक्यता मोठी. म्हणून जे घडलं त्यातलं कलमात बसणारं आधी मांडा: जिवे मारण्याची किंवा फोटो पसरवण्याची धमकी, खोटं अकाउंट (६६ क, ६६ ड), खासगी अवयवांचं चित्र (६६ ई), मुलीचा ऑनलाइन पाठलाग (भारतीय न्याय संहिता ७८), मुलाचा लैंगिक छळ (पोक्सो). मुलाला आत्महत्येला प्रवृत्त करणं हा न्याय संहितेच्या १०७ खाली अत्यंत गंभीर गुन्हा आहे. 'जाऊन मर' असे मेसेज असतील तर ते वेगळे काढून ठेवा.

'माझ्या मुलीची बदनामी चालू आहे, कारवाई व्हावी' या अर्जाचं काही होत नाही. असा लिहा: "दि. — रोजी रात्री १०.३४ वा. '—' या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये — या नंबरवरून माझ्या १५ वर्षांच्या मुलीच्या फोटोचा स्टिकर टाकण्यात आला. त्यावरील शब्द रोमन लिपीत असून त्याचा अर्थ — असा आहे. १०.४१ वा. त्याच नंबरवरून तिला खासगी मेसेज आला, त्यात पुढील धमकी आहे:" आणि मग धमकी शब्दशः, भाषांतर खाली.

कर्नाटकात सायबर गुन्ह्यांसाठी सीईएन (सायबर, आर्थिक आणि अमली पदार्थांचे गुन्हे) ठाणी आहेत, बेळगावातही आहे. आयटी कायद्याचा तपास इन्स्पेक्टर किंवा वरच्या दर्जाचा अधिकारीच करतो, त्यामुळे गावातलं ठाणं तिकडं बोट दाखवतं. तपास तिकडं गेला तरी तक्रार कुठल्याही ठाण्यात नोंदवता येते. नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३ व्या कलमात हद्दीची अट काढलीय. मूल हॉस्टेलला गडहिंग्लजात, छळणारा चिकोडीत, आणि तुम्ही खानापुरात, असं असलं तरी खानापुरात नोंद व्हायला हवी. ऑनलाइन माहिती दिली तर तीन दिवसांत सही करायला जावं लागतं. एफआयआर कन्नडमध्ये लिहिली जाईल. तक्रार तोंडी दिली असेल तर ती लिहून तुम्हाला वाचून दाखवणं त्याच कलमानं बंधनकारक आहे. कन्नड कळत नसेल तर अर्थ समजेपर्यंत सही करू नका, सोबत दोन्ही भाषा जाणणारं माणूस न्या. प्रत फुकट मिळते, मागून घ्या.

ठाण्यात जायची हिंमत नसेल तर केंद्राचं सायबर क्राइम पोर्टल आहे. त्यात महिला आणि मुलांविरुद्धच्या गुन्ह्यांचा वेगळा विभाग आहे, आणि लैंगिक चित्रांची तक्रार नाव न देताही करता येते. मात्र त्या मार्गानं पाठपुरावा करता येत नाही, म्हणून धोका चालू असेल तर नावानिशीच करा. मुलांसाठी १०९८ चोवीस तास.

एका प्रकाराचा वेग वेगळा आहे. अनोळखी 'मुलगी' मैत्री करते, व्हिडिओ कॉलवर यायला लावते, आणि दहा मिनिटांत स्क्रीनशॉटसकट पैशांची मागणी येते. अमेरिकेच्या एफबीआयनं दिलेल्या इशाऱ्यांत यातले बळी बहुधा १४ ते १७ वयाचे मुलगे आहेत, आणि त्यातून आत्महत्याही झाल्यात. इथं दिवस नसतात, तास असतात. मुलगा घरात सांगत नाही, कारण शरम. म्हणून हे आधीच, काही घडलेलं नसताना, जेवताना सांगून ठेवा: "असं कधी झालं तर एक रुपयाही द्यायचा नाही, बोलणं थांबवायचं, चॅट तसंच ठेवायचं, आणि रात्री तीन वाजलेले असले तरी मला उठवायचं. मी ओरडणार नाही." पैसे गेलेच असतील तर लगेच १९३०, ही ऑनलाइन फसवणुकीची हेल्पलाइन.

शाळा

तक्रार आली की शाळेत ठरलेली गोष्ट होते: दोघांना ऑफिसात बोलावतात, समोरासमोर उभं करतात, हात मिळवायला लावतात. भांडण असेल तर हे ठीक. छळ असेल तर हे उलटतं, कारण जिला धाक आहे ती त्या ऑफिसात 'काही नाही सर, मिटलं' एवढंच म्हणू शकते. दोघांशी वेगवेगळं बोला, आधी सोसणाऱ्याशी. प्रार्थनेच्या वेळी नाव न घेता दिलेला उपदेशही नको. नाव सगळ्यांना ठाऊक असतं.

मजकूर लैंगिक असेल आणि मूल अठराखालचं असेल, तर पोक्सोच्या १९ व्या कलमाखाली पोलिसांना कळवणं मुख्याध्यापकांवर बंधनकारक आहे. 'शाळेचं नाव खराब होईल' म्हणून दाबलं तर संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं १०० किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवा, असा निर्देश दिलाय. बेळगावातल्या मराठी माध्यमाच्या शाळेत हा समुपदेशक मराठी समजणारा असावा, एवढी मागणी पालकसभेत लेखी करा आणि पोच घ्या. रडत रडत मनातलं सांगताना पोराला भाषांतर करायला लावणं अन्याय आहे.

आपलंच पोर छळणारं निघालं तर? मारू नका, फोनवरचं काही पुसून टाकू नका. बरीच पोरं एका ग्रुपमध्ये सोसतात आणि दुसऱ्या ग्रुपमध्ये तेच करतात, आणि अशा दुहेरी मुलांच्या मनाची अवस्था बरेचदा सगळ्यात वाईट असते. त्यालाही वरचे प्रश्न विचारा. मग, पुरावा जपून ठेवून झाल्यावर, त्यानं टाकलेलं त्यानंच काढायचं, स्टिकर फेव्हरिटमधून काढायचा, ज्यांना पाठवला त्यांना एकेकाला 'काढून टाक' असा मेसेज करायचा. माफी मागायची तर समोरच्या मुलीला ती हवी आहे का, हे तिच्या घरच्यांमार्फत आधी विचारून.

प्रकरण मिटलं असं वाटल्यावर साधारण तिसऱ्या आठवड्यात पुन्हा एकदा बसा. तोवर मोठ्यांचं लक्ष उडालेलं असतं आणि स्टिकर कुठल्यातरी नव्या ग्रुपमध्ये परत निघतो. ग्रुपमध्ये कोण घालू शकतो ते व्हॉट्सॲपच्या प्रायव्हसीत 'माय कॉन्टॅक्ट्स'वर आहे का बघा. झोप किती तास होतेय ते विचारा. कागद काढून चौथ्या ओळीतले नंबर अजून लागतात का ते लावून बघा. आणि पहिल्या रात्री विचारलेला तो थेट प्रश्न त्याच शब्दांत पुन्हा विचारा. एसएसएलसीचा, म्हणजे दहावीचा, निकाल ज्या दिवशी लागेल त्या रात्रीही विचारा, मार्क कितीही पडलेले असोत.